स्टेरॉइड सोडलं आणि अंगभर पुटकुळ्या उठल्या: जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिसचं एक प्रकरण

सोरायसिसच्या रुग्णाला तोंडावाटे स्टेरॉइड शक्यतो देऊ नये आणि दिलंच तर एकदम थांबवू नये, हे त्वचारोगशास्त्रात अगदी सुरुवातीला शिकवलं जातं. तरीही ते दिलं जातं, कारण सुरुवातीचे काही आठवडे त्याचा गुण झटपट दिसतो. पुढे काय होऊ शकतं ते या प्रकरणात आहे. यात स्पेसोलिमॅब या नव्या बायोलॉजिक औषधाचा (म्हणजे जिवंत पेशींत बनवलेल्या, प्रतिकारशक्तीचा एखादाच दुवा रोखणाऱ्या औषधाचा) मोठा वाटा आहे. त्याने पुटकुळ्या घालवल्या हे खरंच, पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग पुढे झाला: रुग्णेला स्टेरॉइडमधून सुखरूप बाहेर काढता आलं.

रुग्णा ३८ वर्षांच्या. चौदा वर्षांपासून कोपरं, गुडघे आणि डोक्यावर सोरायसिसचे चट्टे. मलमांवर बऱ्यापैकी भागत होतं. मग एकदा चट्टे पाठभर पसरले, खाजेने झोप लागेना, तेव्हा रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या, सुरू झालं. आठवड्याभरात त्वचा निवळली. गोळ्या मात्र सुमारे तीन महिने त्याच डोसवर चालू राहिल्या. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, वजन वाढलं, आणि त्वचा तर छान आहे असं पाहून त्यांनी गोळ्या एका दिवशी बंद केल्या. त्यांच्या जागी कुणीही सुज्ञ माणसाने तेच केलं असतं. गोळ्या हळूहळू उतरवायच्या असतात हे त्यांच्यापर्यंत नीट पोचलंच नव्हतं.

सहाव्या दिवशी काखेत आणि जांघेत आग सुरू झाली. त्वचा लालभडक झाली आणि संध्याकाळपर्यंत त्या लालीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळसर पुटकुळ्या उठल्या. रात्री हुडहुडी भरून ताप आला. दुसऱ्या दिवशी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू झालं. पुढच्या दोन दिवसांत पुटकुळ्या पोट, पाठ, मांड्यांवर पसरल्या आणि मग रुग्णा आमच्याकडे दाखल झाल्या.

दाखल होताना

ताप ३९.२ अंश, नाडी मिनिटाला १२४, रक्तदाब ९२/६०. अंगाचा निम्म्याहून जास्त भाग लाल आणि गरम. स्तनांखालच्या आणि पोटाच्या घडीत पुटकुळ्या एकमेकींत मिसळून तळहाताएवढे पुवाचे पापुद्रे झाले होते. बोट लावलं की ते सरकत आणि खालची ओली, कोवळी त्वचा उघडी पडे. दोन नखांखाली पू. जिभेवर भेगा. अंगावर चादर टेकली तरी सहन होत नव्हतं.

पांढऱ्या पेशी २१,०००, त्यांत न्यूट्रोफिल ८८ टक्के. शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी २१० मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे खूपच वाढलेलं. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन १.४, जरा वाढलेलं, यकृताची एन्झाइम्स दुपटीला आलेली. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.४, म्हणजे कमी. कॅल्शियम ७.१ पाहून वॉर्डात थोडी धावपळ झाली, आणि ती रास्तच होती, कारण रक्तातलं कॅल्शियम उतरणं हे या आजाराचं कारणही असू शकतं आणि परिणामही. पण रक्तातल्या कॅल्शियमचा मोठा हिस्सा अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. अल्ब्युमिनच खाली आल्याने मोजलेला आकडाही खाली येतो. तो हिशेब धरला की कॅल्शियम ८.४ भरत होतं, म्हणजे जेमतेम कमी. आयनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं, कॅल्शियम तपासून खात्री केली आणि बेताचंच कॅल्शियम दिलं.

त्यांचे पती एकच प्रश्न विचारत होते: “डॉक्टर, एवढा पू आहे, ताप आहे, मग जंतू असणारच ना? अँटिबायोटिक बदला ना.” त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. पू म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा साठा. या पेशी बहुतेक वेळा जंतूंमागे येतात. पण जनरलाइज्ड पस्च्युलर सोरायसिसमध्ये, ज्याला आम्ही बोलताना जीपीपी म्हणतो, त्या जंतूंशिवायच त्वचेत लोटतात. पू खराच असतो, फक्त त्यात जंतू नसतात. न फुटलेल्या पुटकुळीतला पू काढून तपासला तेव्हा काचपट्टीवर न्यूट्रोफिल खच्चून होते, जंतू एकही नाही. घडीतल्या त्वचेत बुरशीही सापडली नाही.

औषधाची पुरळ की सोरायसिस?

संसर्ग मागे पडला तरी आणखी एक अडचण होती. अँटिबायोटिकमुळेही अंगभर अशाच निर्जंतुक पुटकुळ्या येतात. त्या आजाराला एजीईपी म्हणतात. औषध घेतल्यावर काही तासांत किंवा थोड्या दिवसांत तो उठतो, आणि औषध बंद केलं की साधारण दोन आठवड्यांत आपोआप शमतो. नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक सांगणं अनुभवी डोळ्यालाही जमेलच असं नाही. उपचार मात्र अगदी वेगळे: एकात औषध थांबवून वाट पाहायची, दुसऱ्यात वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

इथे निकाल लावला तो पतींच्या फोनमधल्या एका फोटोने. काखेचा फोटो, थोडा हललेला, पण पुटकुळ्या स्पष्ट दिसतात. वेळ संध्याकाळी सातची. अँटिबायोटिकची पहिली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळची. म्हणजे पुटकुळ्या आधी, औषध नंतर. आम्ही प्रत्येक औषधाची सुरू आणि बंद झाल्याची तारीख एका कागदावर मांडली. त्या कागदावर पुटकुळ्यांच्या आधी घडलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे प्रेडनिसोलोन बंद होणं. अचानक थांबलेलं स्टेरॉइड हे जीपीपी भडकण्याच्या ओळखीच्या कारणांपैकी एक आहे. संसर्ग, गरोदरपण आणि काही औषधं ही इतर.

बायोप्सीत त्वचेच्या वरच्या थरात कोगोजची स्पंजासारखी पुटकुळी, म्हणजे पेशींच्या फटींत साठलेले न्यूट्रोफिल, दिसली. ती एजीईपीतही दिसू शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबलो नाही. पण खाली सोरायसिससारखी जाड झालेली त्वचा आणि नागमोडी, फुगलेल्या रक्तवाहिन्या होत्या, आणि औषधाच्या पुरळीत बऱ्याचदा दिसणाऱ्या इओसिनोफिल पेशी जवळपास नव्हत्या. चौदा वर्षांचा सोरायसिस, तारखांचा क्रम आणि हे चित्र, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

हा आजार दुर्मीळ आहे. फ्रान्समधल्या पाहणीत दर दहा लाख लोकांत १.७६ आणि जपानमधल्या पाहणीत ७.४६ रुग्ण आढळले होते. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरला तो सुचला नाही यात नवल नाही. लिओ फॉन झुंबुश यांनी १९१० मध्ये भावंडांमधल्या या आजाराचं वर्णन केलं. आजार घराण्यात का दिसतो याचं पहिलं नेमकं उत्तर २०११ मध्ये मिळालं, जेव्हा ट्युनिशियातल्या काही कुटुंबांत आयएल३६आरएन (IL36RN) या जनुकातला दोष सापडला.

आयएल-३६ हा त्वचेच्या पेशींनी सोडलेला संदेश असतो. ‘इथे काहीतरी बिघडलंय, न्यूट्रोफिल पाठवा’ असा त्याचा अर्थ. तो संदेश वाजवीपेक्षा जास्त पोचू नये म्हणून शरीर त्याच्या रिसेप्टरवर (तो संदेश पकडणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनावर) लगाम घालणारं एक प्रथिनही बनवतं, आणि आयएल३६आरएन हे त्याच लगामाचं जनुक. लगाम सुटला की न्यूट्रोफिल येतात. त्यांच्यातली एन्झाइम्स आयएल-३६ला आणखी प्रखर करतात. मग आणखी न्यूट्रोफिल येतात. ही साखळी सुरू झाली की तिला बाहेरच्या जंतूची गरज उरत नाही. आमच्या रुग्णेत हे जनुक नंतर तपासलं तर निर्दोष निघालं. आधीपासून चट्ट्यांचा सोरायसिस असलेल्यांत हा दोष कमी वेळा सापडतो, त्यामुळे त्याचं आश्चर्य वाटलं नाही. लगाम जन्मतः दुबळा नसला तरी संदेशांच्या लोंढ्यापुढे तो अपुरा पडू शकतो.

रक्तदाब का उतरला होता?

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय बायोलॉजिकचा नव्हता.

९२/६० रक्तदाबाला तीन कारणं असू शकत होती. एक, रक्तात पसरलेला संसर्ग. दुसरं, सोललेल्या त्वचेतून आणि तापातून गेलेलं पाणी. तिसरं अनेकदा विसरलं जातं. तीन महिने बाहेरून भरपूर स्टेरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं जवळपास सोडून देतात. गोळ्या एकदम थांबल्या आणि त्यावर एवढं मोठं आजारपण आलं, तर त्या ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत. इतक्या आजारी माणसाचं सकाळचं कॉर्टिसॉल चांगलंच चढलेलं असायला हवं. यांचं ४ मायक्रोग्रॅम होतं.

म्हणजे पेच असा: स्टेरॉइड थांबल्यामुळेच पुटकुळ्या उठल्या, आणि स्टेरॉइड न दिलं तर रक्तदाब कोसळून रुग्णा दगावू शकते. दिलं, तर ते कधीतरी पुन्हा उतरवावं लागणार आणि तेव्हा हाच भडका पुन्हा उडण्याची भीती. आमच्यात यावर मतभेद झाले. ‘जीपीपीत स्टेरॉइड नको’ हा नियम एका सहकाऱ्याने जोर देऊन मांडला. तो नियम त्वचेच्या उपचारासाठी आहे. इथे शरीराला जे संप्रेरक स्वतः बनवता येत नव्हतं तेच परत देण्याचा प्रश्न होता. आम्ही शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल, सुरू केलं, सलाइन चालू ठेवलं, आणि काही तासांत रक्तदाब सावरला. आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि अंगभर पुटकुळ्या आलेल्या, आधी स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येक रुग्णाचं कॉर्टिसॉल पहिल्याच दिवशी तपासावं असं माझं ठाम मत आहे.

पुटकुळ्या मात्र थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांड्यांवर नवी लाट आली.

कोणतं औषध?

अ‍ॅसिट्रेटिन हा जुना आणि चांगला पर्याय, पण यकृताची एन्झाइम्स वाढलेली होती. शिवाय रुग्णेला अजून मूल हवं होतं. अ‍ॅसिट्रेटिन थांबवल्यानंतरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. ३८व्या वर्षी हे सांगणं म्हणजे त्यांच्यासाठी तो दरवाजा बंद करण्यासारखंच होतं. सायक्लोस्पोरिन लवकर काम करतं, पण ते मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून क्रिएटिनिन १.४ असताना नकोसं वाटलं. इन्फ्लिक्सिमॅबचा गुण लवकर येतो हे खरं, मात्र याच वर्गाची औषधं कधीकधी उलट पुटकुळ्या उठवतात. आयएल-१७ आणि आयएल-२३ हे आयएल-३६सारखेच दुसरे संदेश रोखणारी काही औषधं जपानमध्ये जीपीपीसाठी मान्य आहेत, आणि दुसरं काही हाताशी नसतं तर आम्ही तिकडे वळलो असतो.

स्पेसोलिमॅब हे आयएल-३६च्या रिसेप्टरलाच जाऊन बसणारं प्रतिपिंड. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२२ मध्ये ते प्रौढांमधल्या जीपीपीच्या भडक्यासाठी मान्य केलं. त्यामागच्या इफिसायिल-१ चाचणीत ५३ रुग्ण होते: ३५ जणांना औषध, १८ जणांना प्लासिबो (औषध नसलेलं, पण तसंच दिसणारं). आठवड्याअखेर पुटकुळ्या पूर्ण गेलेल्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ५४ टक्के आणि प्लासिबोत ६ टक्के होतं. इतक्या दुर्मीळ आजारात एवढी नियंत्रित चाचणी होणं हीच मोठी गोष्ट. त्याच आठवड्यात संसर्गांचं प्रमाण १७ विरुद्ध ६ टक्के होतं, आणि आम्हाला काळजी याच आकड्याची होती.

कारण ताप असलेल्या, त्वचेचं कवच फाटलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्तीचा एक मार्ग बंद करणारं औषध द्यायचं होतं. रक्ताचं कल्चर ४८ तासांनी निर्जंतुक आलं तोवर आम्ही थांबलो. तेवढा वेळ अँटिबायोटिक चालू ठेवलं आणि नंतर बंद केलं. क्षयरोगासाठीची रक्तचाचणी अनिर्णित आली. मोठा दाह आणि स्टेरॉइड या दोन्हींमुळे असं होतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, घरात किंवा आसपास कुणाला क्षय नव्हता. ती चाचणी पुन्हा करून निकाल येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. हे सगळं रुग्णेला आणि पतींना समजावलं, त्यांची संमती घेतली आणि ९०० मिलिग्रॅम स्पेसोलिमॅब शिरेतून ९० मिनिटांत दिलं. क्षयाची चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा केली तेव्हा ती निगेटिव्ह आली.

पुढचे आठवडे

सर्वांत आधी गेली ती आग. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली तशीच होती, पुटकुळ्याही होत्या, पण त्यांनी चादर मानेपर्यंत ओढून घेतली होती. ताप त्याच दिवशी उतरला. तिसऱ्या दिवसानंतर पोटावर आणि पाठीवर नवी पुटकुळी आली नाही, जुन्या वाळून तपकिरी झाल्या.

आठव्या दिवशी गुणांकन केलं. जीपीपीत पुटकुळ्या, लाली आणि सालं या तिघांना शून्य ते चार गुण देऊन सरासरी काढतात. सुरुवातीला ते अनुक्रमे ४, ३, २ होते, म्हणजे सरासरी ३. आता तिन्ही २. मांड्यांवर अजून ताज्या पुटकुळ्या होत्या. म्हणजे पहिल्या आठवड्यात पूर्ण साफ झालेल्यांमध्ये आमच्या रुग्णा नव्हत्या. लक्षणं उरलेली असल्यास आठवड्याने दुसरा ९०० मिलिग्रॅमचा डोस देता येतो, तो दिला. त्यानंतरच्या आठवड्यात पुटकुळ्या संपल्या, सीआरपी १२ वर आलं, यकृत आणि क्रिएटिनिन जागेवर आले.

मग सालं निघायला लागली, तळव्यांवरून तर मोज्यासारखी अखंड. हे आधी सांगून ठेवलं नसतं तर आजार परत आला असंच त्यांना वाटलं असतं. दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतील आणि परत येतील, दोन नखं पडतील आणि नवी उगवतील, हेही सांगितलं होतं. तसंच झालं. केसगळतीने त्या तरीही खूप खचल्या. माहिती हाताशी असली म्हणून दुःख कमी होतंच असं नाही. त्या काळात आम्ही भेटी मुद्दाम जवळजवळ ठेवल्या.

आता राहिलं होतं हायड्रोकॉर्टिसोन. गोळ्यांवर आणून रोज २० मिलिग्रॅमपर्यंत उतरवलं तेव्हा सगळ्यांच्याच मनात धाकधूक होती. शेवटच्या शिरेतल्या डोसनंतर चार आठवड्यांनी स्पेसोलिमॅब ३०० मिलिग्रॅम त्वचेखालून सुरू केलं, दर चार आठवड्यांनी. याला आधार इफिसायिल-२ चाचणीचा. १२३ रुग्णांच्या त्या चाचणीत ४८ आठवड्यांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना भडका उडाला, जास्त डोस घेणाऱ्यांत १० टक्क्यांना, आणि त्यांतही चौथ्या आठवड्यानंतर एकालाही नाही. या इंजेक्शनांच्या आडोशाने चार महिन्यांत हायड्रोकॉर्टिसोन २० वरून १५, मग १० असं उतरवत नेलं. प्रत्येक पायरीला सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं. ग्रंथी पुन्हा नीट काम करू लागल्यावर शेवटची गोळी बंद केली. एकही पुटकुळी आली नाही.

यातलं श्रेय स्पेसोलिमॅबला किती द्यायचं? हायड्रोकॉर्टिसोनही चालू होतं, आणि जीपीपीचा भडका काही वेळा काही आठवड्यांत स्वतःहून ओसरतोही. एका रुग्णावरून सिद्ध काही होत नाही. पण हायड्रोकॉर्टिसोन सुरू असतानाही नव्या लाटा येत होत्या, बायोलॉजिकनंतर त्या थांबल्या, आणि पहिल्या खेपेस ज्या क्षणी भडका उडाला होता त्याच क्षणी, म्हणजे स्टेरॉइड पूर्ण सुटताना, दुसऱ्या खेपेस त्वचा शांत राहिली. माझ्या लेखी यातली शेवटची गोष्ट सर्वांत वजनदार आहे.

कोपरांवरचे जुने चट्टे मात्र परतले. ते अपेक्षितच होतं. चट्ट्यांच्या सोरायसिसमध्ये मुख्य जोर आयएल-२३ आणि आयएल-१७ या मार्गाचा असतो, आयएल-३६ रोखून त्यांना फारसा फरक पडत नाही. एवढ्याशा चट्ट्यांसाठी दुसरं बायोलॉजिक जोडायचा मोह टाळला. कॅल्सिपोट्रिऑल आणि स्टेरॉइडचं एकत्र मलम त्यांना पुरतंय. मलमातलं स्टेरॉइड थोड्या जागेवर, ठरलेल्या काळापुरतं वापरलं तर चालतं, हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला. स्टेरॉइड हा शब्द ऐकला की त्या हात मागे घेत.

त्यांच्याजवळ आता एक लिहिलेला कागद असतो: जीपीपीचं निदान आहे, त्वचेसाठी गोळीतून किंवा इंजेक्शनमधून स्टेरॉइड देऊ नये, दुसऱ्या कारणासाठी द्यावंच लागलं तर उतरवण्याची योजना आधी त्वचारोगतज्ज्ञाशी ठरवावी, ताप आणि पुटकुळ्या एकत्र आल्या तर पुवाचं कल्चर करून त्याच दिवशी कळवावं. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि गाठी दिसल्या, किंवा हातापायांत मुंग्या आणि अशक्तपणा आला, तर पुढचं इंजेक्शन न घेता आधी दाखवायचं, हेही त्यात आहे. स्पेसोलिमॅबसोबत ड्रेस नावाची औषधी प्रतिक्रिया आणि मज्जातंतूंचे त्रास नोंदवले गेले आहेत.

आता प्रश्न मुलाचा आहे. गरोदरपण स्वतःच जीपीपी भडकवू शकतं, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, आणि तो भडका आई व बाळ दोघांनाही धोक्याचा असतो. इंजेक्शनं चालू ठेवून गर्भधारणेचा प्रयत्न करायचा, की थांबवून काही महिने त्वचा कशी राहते ते पाहायचं, यावर प्रसूतितज्ज्ञांसह दोन बैठका झाल्या आहेत. रुग्णेचा कल थांबवून पाहण्याकडे आहे, माझा चालू ठेवण्याकडे. पुढच्या भेटीपर्यंत इंजेक्शन नेहमीच्या तारखेला घ्यायचं ठरलं आहे.